उपवासात सूट कोणाला?

धर्मांची तुलना करणारी पुस्तके बहुधा ईश्वर, आत्मा, पुनर्जन्म, मोक्ष अशा क्रमाने पुढे जातात. कापूस, तूर आणि सोयाबीनवर चालणाऱ्या कारंजा तालुक्यातल्या आमच्या गावात शेजाऱ्याचा मोक्ष कोणाला दिसत नाही. तो आज जेवला की नाही, हे मात्र साऱ्या गल्लीला ठाऊक असते. त्यामुळे धर्म समजून घ्यायचे झाले तर उपवासापासून सुरुवात करणे मला सोयीचे वाटते, आणि उपवासातही नियमापेक्षा त्यातली सूट अधिक बोलकी वाटते. आजारी माणसाने, पोटुशी बाईने, दिवसभर उन्हात राबणाऱ्या मजुराने काय करावे, या प्रश्नाला एखादा धर्म जे उत्तर देतो, त्यातून देव, शरीर आणि समाज यांच्याविषयीची त्याची खरी धारणा कळते.

इस्लाममधला रोज्याचा नियम अतिशय काटेकोर आहे आणि त्यातली सूटही तितकीच स्पष्ट आहे. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही, आणि हे रमजानचा महिनाभर. परंतु कुरआनातल्या सूरह बकराच्या ज्या आयतींत, म्हणजे १८३ ते १८७ मध्ये, हा आदेश येतो, तिथेच आजारी आणि प्रवासी यांनी राहिलेले रोजे इतर दिवशी भरून काढावेत असे सांगितले आहे, आणि अल्लाहला तुमच्यासाठी सोय हवी आहे, अडचण नको, असे कारणही लगोलग दिले आहे. म्हातारपणामुळे किंवा न बरे होणाऱ्या दुखण्यामुळे ज्यांना कधीच रोजा ठेवता येणार नाही, त्यांनी प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचे असते. पाळी चालू असताना बाईने रोजा ठेवायचाच नसतो, तो नंतर भरून काढायचा असतो; गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही सवलत आहे. येथे उपवास हे देवाचे देणे मानले आहे, आणि म्हणून सूट म्हणजे माफी नसून मुदतवाढ आहे किंवा पर्यायी फेड आहे. (सवलत असलेल्या बायाही घरात पुरुषमाणसांसमोर जेवत नाहीत, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चार घास खाऊन घेतात, ही गोष्ट शास्त्राची नाही, संकोचाची आहे.)

यहुदी धर्मात हाच विचार आणखी धीटपणे मांडलेला आढळतो. योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, हा त्यांचा सर्वांत कडक उपवास सुमारे २५ तासांचा असतो. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल त्या दिवशी पांढरे कपडे घालून, घराची दारे लावून घेऊन बसत. इतका हा दिवस मोठा. पण इसवी सनाच्या २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेत, म्हणजे यहुदी नियमांच्या संग्रहात, असे म्हटले आहे की, गरोदर बाईला अन्नाचा वास येऊन खाण्याची तीव्र इच्छा झाली तर तिचे मन शांत होईपर्यंत तिला खाऊ घालावे, आणि आजाऱ्याला जाणकारांच्या सांगण्यावरून खाऊ घालावे, पण जाणकार जवळ नसतील तर त्याच्या स्वतःच्या शब्दावरून खाऊ घालावे. पुढच्या भाष्यकारांनी तर वैद्य नको म्हणत असला तरी रोग्याचेच ऐकावे, असा निर्णय दिला. त्याच दिवशी सकाळी सिनेगॉगमध्ये यशया संदेष्ट्याचा जो उतारा वाचतात, त्यात मान खाली घालून गोणपाटावर बसणे हा मला आवडणारा उपवास आहे काय, असे देवच विचारतो आणि भुकेल्याला आपली भाकर वाटून दे, असे बजावतो. गाडगेबाबांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या दशसूत्रीतले पहिले सूत्र भुकेलेल्यांना अन्न हेच आहे, हे आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

ख्रिस्ती उपवासकाळ ईस्टरच्या आधी ४० दिवसांचा असतो, त्यात रविवार मोजत नाहीत. कॅथलिकांच्या १९८३ च्या धर्मसंहितेनुसार उपवासाचे बंधन वयाच्या १८ व्या वर्षापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच आहे, आणि तेही राखेचा बुधवार व गुड फ्रायडे या दोनच दिवशी, म्हणजे एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडेसे खाणे. प्रॉटेस्टंट मंडळींत, म्हणजे आमच्या भागातल्या बहुतेक जुन्या मिशनांच्या परंपरेत, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलेले असते. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने वेगळ्याच जागी बोट ठेवले आहे: उपास करताना तोंड धू, डोक्याला तेल लाव, लोकांना कळू देऊ नकोस. हा एक नियम पाळायचा ठरवला तर आमच्या गावातले निम्मे उपवास बंद पडतील असे मला वाटते.

हिंदूंचा उपवास हा मुळात आदेश कमी आणि संकल्प जास्त. कोणी सोमवार धरतो, कोणी गजानन महाराजांचा गुरुवार, कोणी वारकरी दोन्ही पक्षांतल्या एकादश्या. सर्वांवर सक्ती असलेला असा एक उपवास दाखवता येत नाही. जे आपणहून धरले, त्यात सूट कशाला हवी, असे वाटू शकते. पण व्रतांविषयीच्या ग्रंथांत वारंवार येणारा एक श्लोक पाणी, मुळे, फळे, दूध, हवी (यज्ञात अर्पण केलेले अन्न), ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही, असे सांगतो. ही यादी नीट पाहिली तर तिच्यात शरीराची गरज आहे, यज्ञ आहे आणि वडीलधाऱ्यांचा अधिकारही आहे. भागवताच्या नवव्या स्कंधातल्या अंबरीष राजाची अडचण याच यादीने सुटली. द्वादशी संपत आली होती, पारणे तर केलेच पाहिजे, पण जेवायला बोलावलेले दुर्वास ऋषी यमुनेवरून परतले नव्हते. तेव्हा ब्राह्मणांनी राजाला नुसते पाणी पिण्याचा सल्ला दिला, कारण पाणी पिणे हे खाणेही आहे आणि न खाणेही आहे. दुर्वासांना ते पटले नाही, हा भाग वेगळा.

या श्लोकातल्या मुळे-फळांतून आजचा फराळ निघाला. श्रावणी सोमवारी निंदणाला आलेल्या बाया दुपारी धुऱ्यावरच्या बाभळीखाली डबे उघडतात, तेव्हा त्यांत साबुदाण्याची उसळ असते, कुठे उकडलेले बटाटे, कुठे नुसते भाजलेले शेंगदाणे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि त्या उसळीतली मिरचीसुद्धा मूळ अमेरिका खंडांतली; युरोपीय दर्यावर्दी तिकडे पोचल्यानंतरच, म्हणजे १५ व्या शतकाच्या अखेरीनंतर, ही पिके आपल्याकडे आली. श्लोक रचणाऱ्याने यांतले काहीच पाहिलेले असणे शक्य नाही. घरची ज्वारी उपवासाला चालत नाही आणि परदेशातून आलेला कंद चालतो, याला शास्त्रापेक्षा रूढीचाच आधार आहे. त्यातही ज्वारी घरच्या कणगीतली आणि साबुदाणा दुकानातला, त्यामुळे मजुराच्या घरी उपवासाचा दिवस बिनउपवासाच्या दिवसापेक्षा महाग पडतो. स्त्रियांविषयी तर मला स्पष्टच लिहायचे आहे. रमजानचा रोजा पुरुषाला आणि बाईला सारखाच लागू आहे. आमच्याकडे हरतालिका, वटसावित्री, मार्गशीर्षातले गुरुवार यांचा जवळजवळ सारा भार बायांवर आहे, आणि त्यांतले पुष्कळसे नवऱ्याच्या आयुष्यासाठी आहे. बायकोच्या आयुष्यासाठी नवऱ्याने धरायचे व्रत आमच्या गावात मला कधी दिसले नाही. अतिखाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, हे गीतेच्या सहाव्या अध्यायातले सांगणे बायांच्या व्रतांपर्यंत पोचलेले नाही.

जैनांचा विचार या सर्वांहून निराळा आहे आणि मला तो सर्वांत तर्कशुद्ध वाटतो, जरी तो माझ्याच्याने झेपणारा नसला तरी. तेथे उपवास कोणत्याही देवाला वाहायचा नसतो. आत्म्याला चिकटलेले कर्म तपाने झडते, ही धारणा. मग देव सूट देणार तरी कुठून? तत्त्वार्थसूत्रात बाह्य तपाचे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत अन्न सोडणे हा पहिला आणि पोटाला लागते त्याहून कमी खाणे हा दुसरा. पुढे रस सोडणे, म्हणजे तूप, दूध, मीठ यांसारख्या गोष्टी वर्ज्य करणेही येते. त्याच ग्रंथात त्याग आणि तप आपल्या शक्तीनुसार करावे असा शब्द आहे, आणि जैनांची सूट ती हीच. ज्याला आठ दिवसांची अठाई झेपत नाही त्याने एकाशन, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण, करावे, तेही जमत नसेल तर सूर्यास्तानंतर जेवू नये. कारंजात तीन जुनी दिगंबर मंदिरे आहेत आणि पर्युषणात तिथल्या बाजारातल्या काही दुकानांचे वेळापत्रकच बदलते. मुनींचा मुक्काम असला म्हणजे आहाराच्या वेळी श्रावक-श्राविका धुतलेली वस्त्रे नेसून दारात उभ्या राहतात. मुनी उभ्यानेच, ओंजळीत, दिवसातून एकदाच घेतात, आणि घासात केस निघाला तर तिथेच थांबतात. मग पुढचे अन्न दुसऱ्या दिवशी. मृत्यूच्या तोंडावर अन्न हळूहळू सोडण्याच्या सल्लेखनेला राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये आत्महत्या ठरवले आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. शरीर नेमके कोणाचे, हा प्रश्न त्या खटल्यात जितका उघडपणे पुढे आला तितका एरवी क्वचितच येतो.

बुद्धाने हीच वाट चालून पाहिली आणि सोडली. उरुवेलेच्या रानात हाडे उरेपर्यंत उपास केल्यावर सुजाताची खीर घेऊन तो मध्यम मार्गाकडे वळला, त्यामुळे बौद्ध उपोसथात, म्हणजे पौर्णिमेसारख्या व्रताच्या दिवशी, उपाशी राहण्याला महत्त्व नाही, वेळेला आहे: अष्टशील, म्हणजे आचरणाचे आठ नियम, घेतलेल्या उपासकाने मध्यान्हीनंतर जेवायचे नाही. आजारी भिक्खूला तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ औषध म्हणून अवेळीही घेता येतात, असे विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथात, आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांत उपवासाचा वेगळा उल्लेख नाही. पण राम-कृष्णांना आणि गौरी-गणपतींना देव मानणार नाही असे म्हटल्यावर रामनवमी, जन्माष्टमी आणि हरतालिका आपोआपच सुटल्या. आज आमच्या विहारात आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत वर्षावासाचे ग्रंथवाचन चालते, पौर्णिमेला पांढऱ्या साड्या नेसून बाया अष्टशील घेतात, आणि समारोपाला भोजनदान असते. त्या वेळी शेतीची कामे जोरात असतात, म्हणून वाचन रात्री ठेवतात.

काही धर्मांनी हा विषयच बाजूला सारला. शिखांच्या गुरुवाणीत उपवासाला पुण्य मानलेले नाही. त्यांचा भर लंगरावर, आणि आमच्याकडचे जे लोक नांदेडला जाऊन येतात ते दर्शनाच्या बरोबरीने तिथल्या पंगतीचीच गोष्ट सांगतात. पारशांच्या वेंदिदादमध्ये तर जो खात नाही त्याच्यात धर्मकृत्य करण्याचे बळ राहत नाही, शेती करण्याचे राहत नाही आणि मुले होण्याचेही राहत नाही, असे सरळ म्हटले आहे. शेतीचे बळ हे कारण धर्मग्रंथात लिहिलेले पाहून मला मोठे समाधान वाटले.

कारण मजुराचा प्रश्न बहुतेक ठिकाणी अर्धवटच राहिला आहे. आजारी, प्रवासी, गरोदर यांची नावे नियमांत येतात. फावडे मारणाऱ्याचे नाव क्वचित येते. माझ्या वाचनात जड अंगमेहनत करणाऱ्याला उपवासातून स्पष्ट शब्दांत वगळणारा धर्म म्हणजे १९ व्या शतकातला बहाई धर्म. मार्चमधल्या त्यांच्या १९ दिवसांच्या उपवासातून अशा लोकांना मोकळीक आहे. इस्लामी फकिहांचे, म्हणजे धर्मनियमांच्या जाणकारांचे, सर्वसाधारण मत असे की, मेहनतीचे काम आहे म्हणून आधीच रोजा सोडू नये, रोजा धरून काम सुरू करावे, आणि जिवावर बेतेल अशी अवस्था आली तर तो तोडून नंतर भरून काढावा. याचा व्यवहारातला अर्थ मला २०१९ साली कळला. त्या वर्षी रमजान ७ मे रोजी सुरू झाला आणि आमच्या घराचे वरच्या खोलीचे बांधकाम चालू होते. गवंडी सहरी करून, नमाज पढून, उजाडण्याआधीच पायाडावर चढत; डोक्याला ओला दुपट्टा बांधत, मधूनच चूळ भरून थुंकून टाकत, आणि अकराच्या सुमारास थापी-ओळंबा धुऊन ठेवून घरी जात. हेल्पर हिंदू होते, त्यांनाही तीच वेळ मानवली. कामाचे पैसे हजेरीवर नव्हते, उक्ते होते, म्हणूनच हे जमले. हजेरीवर असते तर दुपारचे चार तास त्यांना कोणी सोडले असते असे मी म्हणणार नाही, आणि त्यात मीही आले.

हा त्रास ऋतूप्रमाणे कमीजास्त होतो, कारण हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान आहे आणि त्यात अधिक महिना नाही. आपल्या पंचांगात साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास घालून सण ऋतूंना बांधून ठेवतात, म्हणून श्रावणातला उपवास नेहमी निंदणाच्याच दिवसांत येतो; रमजान मात्र सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतू फिरून येतो. २०३० साली तो दोनदा सुरू होईल, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर. तेव्हा आमच्याकडे कापूस वेचणी आणि तुरीचे दिवस असतील, आणि रोजा मे महिन्यातल्या साडेचौदा तासांऐवजी बारा तासांच्या आसपास राहील. वैशाखातले रोजे त्यानंतर पुन्हा येतील ते २०५० ओलांडल्यावर. आत्ताच विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तोवर तो कुठे असेल ते पाहून मेहनतीच्या कामाविषयीचे मत बदलायचे की कामाची वेळ, हे फकिहांना आणि ठेकेदारांना मिळूनच ठरवावे लागेल.