आधी तीन व्होल्टेज, मग रॅम: माझ्या स्पेक्ट्रमची दुरुस्ती

मामांच्या माळ्यावरून आलेला झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के, म्हणजे ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, बंदच होता. कारण मामांना पक्कं आठवत होतं. मागे लावलेला जॉयस्टिकचा इंटरफेस खेळताना हलला, पडद्यावर चट्टेपट्टे आले आणि मशीन गेलं. या कॉम्प्युटरच्या एज कनेक्टरवर, म्हणजे इंटरफेस जोडायच्या बोर्डाच्या मागच्या कडेवर, ५ आणि ९ व्होल्टच्या पट्ट्या अगदी शेजारी आहेत, म्हणून चालू मशीनवर इंटरफेस जरा तिरका झाला तरी शॉर्ट होऊ शकतो. भारतात १९८६ साली परवान्याने निघालेला ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ काहींना आठवत असेल. मामांचा मात्र त्याआधीचा, रबरी बटणांचा.

वीज देण्याआधी एक सांगतो. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतं, पण प्लगमध्ये आतला भाग उणे आणि बाहेरचा अधिक असतो. आजचे बहुतेक अडॅप्टर याच्या उलट असतात. मी करंटवर मर्यादा घालता येणारा बेंच सप्लाय (टेबलावरचा वीजपुरवठा) वापरला.

खरी गोम खालच्या १६ केबीच्या रॅममध्ये आहे. तिथल्या आठ ४११६ चिपांना तीन व्होल्टेज लागतात: पिन १ वर उणे ५, पिन ८ वर १२ आणि पिन ९ वर ५. ग्राउंड पिन १६ वर. नेहमीच्या लॉजिक चिपांची सवय असलेला माणूस इथे हमखास गोंधळतो. माझ्याकडे ५ व्होल्ट ठीक होते, १२ फारच कमी आणि उणे ५ गायब. ही दोन्ही व्होल्टेज बोर्डावरच एक छोटी कॉइल आणि टीआर४ ट्रान्झिस्टर मिळून तयार करतात. टीआर४ काढून मल्टिमीटरवर तपासला तर कलेक्टर आणि एमिटर हे त्याचे दोन पाय आतून शॉर्ट. कॉइल शाबूत निघाली, याचा मला फार आनंद झाला. टीआर४ च्या जागी नवा झेडटीएक्स ६५० लावला आणि त्याच सर्किटमधला टीआर५ ट्रान्झिस्टरही बदलला.

उणे ५ नसताना १२ व्होल्ट मिळाले तर ४११६ मरते, म्हणून जुन्या रॅमवर भरवसा ठेवला नाही. चिप अखंड उपसू नका. आधी पाय कापा, मग एकेक पाय सोल्डर वितळवून काढा. चिप तशीही गेलेली असते, वाचवायचे असतात ते बोर्डावरचे नाजूक ट्रॅक, म्हणजे तांब्याच्या रेषा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेली सॉकेट (चिप खोचायच्या बैठका) बसवली आणि रिकाम्या सॉकेटवर तिन्ही व्होल्टेज बरोबर दिसेपर्यंत एकही चिप घातली नाही. फक्त ५ व्होल्टवर चालणारे आधुनिक पर्याय मिळतात, पण मला बोर्ड मूळ रूपात हवा होता. जुन्या साठ्यातल्या ४११६ परदेशातून मागवल्या.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा पडद्यावर दर आठ पिक्सेलांनी एक उभी रेघ. हे बघून मी खूश झालो, कारण स्पेक्ट्रमची स्क्रीन याच रॅममध्ये राहते आणि प्रत्येक चिप बाइटमधला एकच बिट सांभाळते. रेघ कुठल्या जागी आहे त्यावरून नेमकी चिप कळते. ती बदलली आणि खाली ‘१९८२ सिंक्लेअर रिसर्च’ची ओळ उमटली.

आता कीबोर्ड. बटणांखालच्या पातळ प्लास्टिकच्या पडद्याची, म्हणजे मेंब्रेनची, रिबन वाळून कनेक्टरपाशी तडकली आहे, त्यामुळे काही बटणं चालत नाहीत. नवं मेंब्रेन मागवलंय. तोवर जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलून घेतोय.