लंडन ते पॅरिस: ३४४ किलोमीटर आणि साडेपाच तास

तिकीट काढण्याआधी मी अंतर कागदावर मांडलं. दोन्ही शहरांच्या अक्षांशांत २.६५ अंशांचा फरक आहे. एक अंश म्हणजे साधारण १११ किमी, म्हणून दक्षिणेकडे २९४ किमी. रेखांशांत २.४८ अंशांचा फरक; पण उत्तरेकडे रेखावृत्तं एकमेकांच्या जवळ येत जातात, त्यामुळे इथे १११ला ०.६४ने (सुमारे ५० अंश अक्षांशाच्या कोसाइनने) गुणायचं. पूर्वेकडे १७६. मग पायथागोरस, उत्तर ३४३. नेमकं अंतर ३४४ किमी आहे. मुंबई–लंडनला ही रीत चालणार नाही, तिथे पृथ्वीची गोलाई धरावीच लागते.

हे झालं शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंत. लंडनचा हीथ्रो विमानतळ ते पॅरिसचा शार्ल द गोल विमानतळ हे अंतर ३४८ किमी भरतं. ताशी ८०० किमी वेगाने ही २६ मिनिटं, पण वेळापत्रकात सुमारे १ तास २० मिनिटं असतात. कारण ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची रांग त्यात येते, आणि उड्डाणाचा मोठा भाग चढण्या-उतरण्यातच जातो. परतताना हीथ्रोजवळ घिरट्याही घालाव्या लागू शकतात.

घड्याळाचा घोळ इथेच होतो. तिकिटावरच्या वेळा त्या त्या शहराच्या असतात आणि पॅरिस वर्षभर एक तास पुढे असतं. लंडनहून १०:०० ला निघालेलं विमान १२:२० ला पोचतं. परतीचं १४:०० ला निघून १४:२० ला. पुढची गाडी किंवा बस धरायची असेल तर हा तास आधी वजा-अधिक करा.

दारापासून दारापर्यंतचा माझा हिशोब असा: विमानतळ गाठायला ४५ मिनिटं, उड्डाणाआधी २ तास, विमान १:२०, पासपोर्ट तपासणी ४५ मिनिटं, आरईआर बी या लोकल गाडीने शहरात ४० मिनिटं. साडेपाच तास! म्हणजे सरासरी ताशी ६२ किमी. स्वस्त तिकिटावर ‘पॅरिस बोव्हे’ लिहिलेलं असेल तर सावध राहा, तो विमानतळ शहरापासून सुमारे ८५ किमी दूर आहे.

लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाहून युरोस्टार रेल्वे सुमारे सव्वादोन तासांत पॅरिसच्या गार द्यू नॉर स्थानकावर सोडते, म्हणजे थेट शहरात. फ्रेंच पासपोर्ट तपासणी लंडनमध्येच उरकते, उतरल्यावर रांग नाही. मात्र गाडी सुटायच्या ३० मिनिटं आधी गेट बंद होतं, म्हणून मी सव्वा तास आधी पोचण्याचं धरते. स्थानक गाठणं धरून एकूण चार तासांच्या आसपास. या दोन शहरांसाठी मी रेल्वेच निवडेन.

भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनचा व्हिसा फ्रान्समध्ये चालत नाही, शेंगेन (युरोपातल्या अनेक देशांचा सामायिक व्हिसा) वेगळा काढावा लागतो. लंडनला परतायचं असेल तर ब्रिटनचा व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, हेही तिकिटाआधीच पाहून घ्या.