आल्तिनोवरून अफरवटला: टाचेकडच्या वळणाची गोष्ट

रविवारी सकाळी साडेसहाला आल्तिनोच्या उतारावर पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीशिवाय कोणी नसतं. डिसेंबर-जानेवारीत मी तिथे सर्फस्केट (कलवून वळवायचा चाकांचा बोर्ड) चालवली, कारण फेब्रुवारीत गुलमर्गला स्नोबोर्डिंगला जायचं होतं आणि पणजीत राहून याहून जवळचा सराव मिळत नाही. नजर कुठे ठेवायची आणि वळणात अंग कसं कलवायचं, एवढं त्यातून शिकता येतं. स्नोबोर्डाच्या कडेला जी धातूची धार असते, तिच्याबद्दल मात्र काहीच शिकता येत नाही. चाकं रस्ता धरूनच ठेवतात, बर्फावर पकड तुम्हालाच कमवावी लागते.

प्रवासाबद्दल थोडक्यात. मोपा विमानतळाहून दिल्ली, तिथून श्रीनगर, पुढे गाडीने टंगमर्ग. शेवटचे १३ किलोमीटर बर्फ असेल तर चाकांना साखळ्या लावलेल्या स्थानिक गाडीनेच जा. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, सोबत एकाचं तरी पोस्टपेड हवं. गोंडोल्याचं (डोंगरावर नेणाऱ्या रोपवेचं) तिकीट घरूनच ऑनलाइन काढा. पहिला दिवस मोकळा ठेवा. आपल्या गोव्यातलं सर्वांत उंच शिखर सोसोगड हजार मीटरच्या थोडं वर, आणि गुलमर्गचं मैदानच सुमारे २,६५० मीटरवर आहे. माझ्यासोबत आलेले म्हापशाचे भावोजी पहिल्या संध्याकाळी चार पायऱ्या चढून धापा टाकत होते. माझीही तीच गत होती, मी फक्त बोललो नाही.

गोंडोल्याचे दोन टप्पे आहेत. पहिला कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत, म्हणजे चार हजार मीटरच्या जवळ. सगळ्यांना दुसरा टप्पा खुणावतो, पण कार्व्हिंग (धारेवर वळणं कापणं) शिकायला तो उपयोगाचा नाही. वरचा बर्फ दाबलेला नसतो, भुसभुशीत बर्फात धारेला टेकायला काही मिळत नाही. शिवाय तिथे हिमस्खलनाचा धोका खरा आहे. जाणकार गाइड आणि बीकन (गाडल्या गेलेल्याला शोधायचं संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं नसेल तर त्या बाजूला उतरू नका. आम्ही कोंगडोरीहून वर जाणाऱ्या चेअरलिफ्टजवळचा दाबलेला उतार धरला आणि तोही सकाळीच. दुपारी त्याच उतारावर इतके चर पडतात की बोर्ड आपला आपण नाचतो.

कार्व्हिंगमध्ये बोर्ड आडवा घासत नाही, धारेवर रुळासारखा धावतो. मागे वळून पाहिलं तर पेन्सिलीची एक रेघ दिसायला हवी. पहिल्या दिवशी माझ्या मागे अंगण झाडल्यासारखे पंखे उमटले होते. त्यात थोडा दोष बोर्डाचाही होता. भाड्याचा बोर्ड घेताना धारेवर अंगठ्याचं नख हलकेच आडवं ओढा. नखाचा भुगा निघाला तर ठीक, नुसतं घसरलं तर दुकानातच धार लावून मागा. मी मागितली नाही, म्हणून अर्धा दिवस फुकट गेला. बूट बोर्डाच्या कडेबाहेर किती येतात तेही पाहा. फार आले तर जास्त कलताना बूटच बर्फात रुततो आणि धार सुटते.

आता खरा मुद्दा. बोर्डाची कंबर बारीक असते आणि कडेचा तो बाक एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असतो. बोर्ड जितका कलवाल तितकं वळणाचं वर्तुळ लहान होतं. ८ मीटर त्रिज्येचा बोर्ड ६० अंश कलवला की वळण साधारण ४ मीटर त्रिज्येचं होतं. तीव्र उतारावर त्यामुळे जास्त कलवायला हवं, पण भीतीने माणूस नेमका उलटा वागतो. डोंगराकडे झुकतो, बोर्ड सपाट होतो, आणि मग वेग आवरायला शेवटी जोरात धार दाबतो.

आणि शेवटीच दाबणं सगळ्यांत वाईट. वळणाच्या खालच्या भागात वेग वाढलेला असतो, शिवाय वळणाचा बाहेरचा जोर आणि उताराची ओढ दोन्ही एकाच बाजूला, खाली खेचतात. वरच्या भागात ती दोन्ही एकमेकांविरुद्ध असतात. बोर्डावर आडवं उभं राहतात, त्यामुळे एक धार पायाच्या बोटांकडे आणि एक टाचेकडे येते. माझी टाचेकडची धार दर वेळी खालच्याच भागात खडखडायची आणि मी बुडावर आपटायचो. तिथल्या काश्मिरी शिक्षकाने दोन वळणं पाहिली आणि म्हणाला, "ऊपर काटो साहब, नीचे तो बस आना है."

वर कापायचं म्हणजे बोर्ड उताराला आडवा असतानाच, नाक खाली वळायच्या आधी, दरीकडच्या नव्या धारेवर जायचं. त्या क्षणी अंग दरीकडे झुकलेलं असतं आणि पोटात गोळा येतो. तेवढं सोसलं की पुढचं वळण बोर्डच करतो. मग घाईने पुढच्या वळणात शिरू नका. बोर्ड आडवा होऊन किंचित चढाला लागेपर्यंत थांबा, तोच ब्रेक. पुढचं वळण सुरू करावंसं वाटेल इतका वेग उतरला की मगच धार बदला.

तरी माझं टाचेकडचं वळण सुटतच होतं. संध्याकाळी हॉटेलात कहवा पिताना भावोजींनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. "तू बसत नाहीस रे, वाकतोस. तिठ्यावर बस चुकली म्हणून डोकं धरलेल्या माणसासारखा." बघितलं तर खरंच. पाय ताठ, बूड मागे, छाती बोटांवर. दुसऱ्या सकाळी गुडघे आणि घोटे वाकवले, छाती उचलली, पुढचा खांदा वळणाच्या दिशेने थोडा उघडा ठेवला. शिक्षकाने बाइंडिंगही (बूट बोर्डाला अडकवायची पकड) बदललं, पुढचा पाय २१ अंश, मागचा ६, दोन्ही नाकाकडे. हे ज्याच्या त्याच्या सवयीवर आहे, पण मला समोर पाहणं सोपं झालं. बोटांकडच्या वळणात बर्फाला हात लावायला कंबरेतून वाकू नका, गुडघे आणि कमरेचा भाग बर्फाकडे न्या, हात आपोआप जवळ येतो.

त्या सकाळी नऊच्या सुमारास चेअरलिफ्टमधून खाली पाहिलं तर माझ्या शेवटच्या खेपेच्या सलग पाच वळणांची रेघ होती. सहावं टाचेकडचं. तिथे पंखा.

जानेवारीत गेलात तर थंडी जास्त असेल. चिल्लई कलान, म्हणजे काश्मीरमधला सर्वांत कडाक्याच्या थंडीचा काळ, २१ डिसेंबरला सुरू होऊन चाळीस दिवस चालतो. हातमोजे दोन जोड घ्या, एक ओला झाला की दिवस संपतो. हेल्मेट घेतल्याशिवाय तीव्र उतारावर जाऊ नका. बोर्ड भाड्याचा चालेल, पण जमलं तर बूट स्वतःचे न्या. भाड्याच्या ढिल्या बुटात टाच उचलली जाते, आणि मग वर कितीही कलवा, धारेपर्यंत ते पोचतच नाही.