दिवेलागणीच्या आत मुक्काम: आरव्हीतून मेक्सिकोची आखणी

मेक्सिकोला आरव्हीने, म्हणजे आतच राहण्याची सोय असलेल्या गाडीने, जायचे ठरले की बहुतेक मंडळी आधी नकाशा पसरतात आणि पाहण्याच्या ठिकाणांवर खुणा करत सुटतात. आम्ही आखणी उलट्या बाजूने केली. टेक्सासहून निघून दक्षिण मेक्सिकोतल्या वाहाकापर्यंत जायचे आणि परत यायचे एवढे पक्के होते. बाकी सगळा बेत एकाच अटीवर बसवला, ती म्हणजे दिवेलागणीच्या बऱ्याच आधी गाडी मुक्कामाच्या जागी उभी राहिली पाहिजे. मेक्सिकोत रात्री गाडी चालवू नये, असे तिथे नेहमी जाणारा प्रत्येक जण सांगतो, आणि त्यामागे चोराचिलटांच्या भयापेक्षा रस्त्याचीच काळजी अधिक असते: मोकाट गुरे, मागचा दिवा बंद असलेले ट्रक, साइडपट्टी नसलेला अरुंद डांबरी रस्ता आणि अंधारात अजिबात न दिसणारे गतिरोधक.

डिसेंबरात मध्य मेक्सिकोत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळी नाश्ता आटोपून साडेआठला निघायचे, वाटेत जेवण आणि पेट्रोल उरकायचे, सरासरी वेग ताशी साठ किलोमीटरच्या वर धरायचाच नाही आणि तीन-साडेतीनपर्यंत मुक्काम गाठायचा, असा हिशेब मांडला की दिवसाला 250 ते 300 किलोमीटर हाती लागतात. हा आकडा नकाशावर ठेवला तेव्हा आमच्या यादीतली निम्मी ठिकाणे आपोआप गळाली. चियापास गळाले, पालेंके गळाले, युकातानचा तर विचारही पुढे ढकलला. याचे वाईट वाटले, पण फार नाही. आठ-आठ तास गाडी हाकून पिरॅमिडसमोर जांभया देण्यात काही अर्थ नाही.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांना सहसा बाहा कॅलिफोर्नियाचा, म्हणजे पश्चिमेकडच्या लांबट द्वीपकल्पाचा, सल्ला मिळतो आणि तो योग्यच आहे. 1973 साली पूर्ण झालेला सुमारे 1,700 किलोमीटरचा एकच महामार्ग टिहुआनापासून थेट दक्षिण टोकापर्यंत जातो, तिथे वाहनाचा आयात परवाना लागत नाही, कन्सेप्सियोनच्या आखातात अगदी पाण्याला लागून गाडी उभी करता येते आणि जानेवारी ते मार्च या काळात गेरेरो नेग्रोच्या खाजणात करडे देवमासे पिलांसह दिसतात. मात्र एल रोसारिओ सोडल्यानंतर तीनशेहून अधिक किलोमीटर पंपाचा भरवसा धरायचा नसतो; मध्ये कातावीन्याला लोक पिंपातून पेट्रोल विकतात तेवढेच. आम्ही हा मार्ग सोडला तो दुसऱ्याच कारणासाठी. टेक्सासहून टिहुआनापर्यंत पोचण्यातच दोन हजार किलोमीटर खर्ची पडतात.

म्हणून आमचा मार्ग लारेडोच्या बाजूने. लारेडोतून समोरच्या नुएवो लारेडो शहरात न शिरता थोडे वायव्येला कोलंबिया पुलावरून सीमा ओलांडायची, कारण हा पूल तामाउलिपासमध्ये न उतरता नुएवो लिओन राज्यात उतरतो. तामाउलिपास, सिनालोआ आणि गेरेरो या राज्यांबाबत अमेरिकी परराष्ट्र खाते गेली काही वर्षे सर्वांत वरच्या पातळीचा इशारा देत आले आहे, आणि ज्या भागाला सहज वळसा घालता येतो तिथून मुद्दाम जाण्यात शौर्य नाही. आदल्या रात्री लारेडोतच राहून सकाळी लवकर पूल गाठायचा, कारण कागदपत्रांत अर्धा दिवस जाईल असे धरूनच चालावे. पहिल्या दिवसाचा टप्पा त्यामुळे मोंतेरेपर्यंतच ठेवला आहे. तिथून मातेवाला तीनशेच्या वर जाते, पण बहुतेक वाट 57 क्रमांकाच्या चौपदरी महामार्गाची असल्याने तेवढी सवलत स्वतःला दिली. मातेवालाच्या परिसरात कर्कवृत्त ओलांडले जाते. पुढे सान लुईस पोतोसी आणि मग सान मिगेल दे अयेंदे, जिथे सलग काही दिवस गाडी हलवायची नाही. ग्वानाह्वातो शहर तिथूनच बसने पाहायचे, कारण त्या शहराखालचे बोगदे आणि वरच्या गल्ल्या आरव्हीसाठी नाहीत. मेक्सिकोतल्या लांब पल्ल्याच्या पहिल्या वर्गाच्या बस उत्तम असतात, ही गोष्ट आरव्हीवाले उगाच विसरतात.

मेक्सिको सिटीचेही तसेच. 1989 पासून तिथे गाडीच्या क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून ठरावीक दिवशी वाहन रस्त्यावर आणण्यास बंदी असते, आणि बाहेरच्या पाट्यांच्या गाड्यांवर बंधने आणखी आहेत. आर्को नोर्ते हा 223 किलोमीटरचा टोलरस्ता राजधानीला उत्तरेकडून वळसा घालतो. त्यावरून तेओतिह्वाकानच्या प्राचीन पिरॅमिडांपाशी उतरायचे, गाडी तिथे लावायची आणि शहर बसने पाहायचे. चोलुला आणि तेह्वाकान असे दोन मुक्काम करून पुढे वाहाका. या राज्यात शिक्षक संघटनांचे रास्ता रोको अधूनमधून होतात, म्हणून दोन्ही दिशांना एकेक मोकळा दिवस ठेवला आहे. अडवलेल्या रस्त्यावर हुज्जत घालण्यापेक्षा मागे फिरून मुक्काम करणे बरे.

आता गतिरोधकांविषयी, कारण आमचा सरासरी वेग तेच ठरवतात. त्यांना तिथे तोपे म्हणतात आणि टोल नसलेल्या रस्त्यावर प्रत्येक गावाच्या तोंडाशी, मध्यावर आणि शेवटाला ते असतातच. काहींच्या आधी पाटी असते, काहींवर पिवळे पट्टे असतात, आणि काही नुसतेच डांबराच्या रंगाचे असतात. हे तिसऱ्या प्रकारचे ओळखण्याची खूण म्हणजे रस्त्याकडेला टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या बायका, कारण गाडी जिथे हमखास थांबते तिथेच तामाले (मक्याच्या पिठाचे उकडलेले पदार्थ) आणि चिरलेली फळे विकली जातात. पुढची चाके अलगद उतरली म्हणून निःश्वास सोडावा, तर मागच्या धुऱ्यापलीकडे बाहेर आलेला गाडीचा भाग तोप्यावर घासतो आणि आत कपाटाचे दार उघडून डबे जमिनीवर येतात. म्हणून आम्ही सगळ्या कपाटांना लहान मुलांच्या घरात लावतात तसल्या कड्या बसवल्या आणि काचेच्या बरण्यांची जागा स्टीलच्या डब्यांना दिली. शक्य तिथे कुओता, म्हणजे टोलचा रस्ता, घ्यायचा. टोलसाठी रोख पेसो जवळ ठेवावेत आणि पावती जपून ठेवावी, कारण त्या पावतीतच त्या रस्त्यापुरता विमा असतो. मागे जोडचाके असली तर काही नाक्यांवर ट्रकचा दर मागतात. गाडी बिघडलीच तर 078 वर फोन केल्यास आंखेलेस वेर्देस, म्हणजे सरकारी हिरव्या मदतगाड्या, येतात.

आमची गाडी 25 फुटी आणि पेट्रोलवर चालणारी आहे. नव्या डिझेल इंजिनांना लागणारे अत्यल्प गंधकाचे डिझेल सीमाभाग आणि मोठी शहरे सोडून सगळीकडे मिळेल याची खात्री नसते, तेव्हा ही निवड सोपी होती.

कागदपत्रांत भारतीय पासपोर्टवाल्यांनी विशेष लक्ष द्यावे. ग्रीन कार्ड असल्यास मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. अमेरिकेचा वैध व्हिसा पासपोर्टवर असला तरीही चालते. आमच्याबरोबर काही दिवस येऊ पाहणाऱ्या एका एच-वन-बी (अमेरिकेतील नोकरीच्या व्हिसावरील) दांपत्याची मात्र पंचाईत झाली. पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली असली तरी तीस दिवसांच्या आतल्या मेक्सिकोवारीहून परतताना अमेरिका साधारणतः आत घेते, पण मुदत संपलेल्या शिक्क्यावर मेक्सिको आत घेत नाही. त्यांना मेक्सिकोचा व्हिसा काढावा लागेल. पर्यटकाला जास्तीत जास्त 180 दिवस मिळतात. अधिकारी कमीही देऊ शकतो, म्हणून खिडकी सोडण्यापूर्वी दिवसांचा आकडा वाचून घ्यावा. वाहनाचा आयात परवाना बानहेर्सितो ही बँक देते आणि मोटरहोमला तो दहा वर्षांचा मिळतो. गाडी कर्जावर असेल तर कर्ज देणाऱ्याचे संमतिपत्र लागते. अमेरिकी विम्यातले दायित्व, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई, तिथे मानले जात नाही, म्हणून मेक्सिकन विमा घ्यावा आणि त्यात वकिलाची मदत आहे का ते पाहावे, कारण अपघातानंतर जबाबदारी ठरेपर्यंत चालकाला अडकवून ठेवू शकतात.

टेक्सासात जुनी आरव्ही घेतलेल्यांनी प्रत्येक कप्पा झाडून पाहावा. आधीचा मालक शिकारी असेल आणि एखादे काडतूस कुठे राहिले असेल, तर मेक्सिकोत तोही गंभीर गुन्हा ठरतो. सर्दीच्या गोळ्यांतही स्युडोएफेड्रिन असेल तर त्या घरीच ठेवाव्यात.

स्वयंपाकाची चिंता मला फारशी नाही. मसूर, हरभरे, तांदूळ, कोथिंबीर, चिंच, मिरच्या सगळे तिथल्या बाजारात मिळते. हळद, हिंग आणि गोडा मसाला तेवढा घरून न्यायचा. पिण्याचे पाणी वीस लिटरच्या गाराफोनमधून, म्हणजे मोठ्या बाटल्यातून, घ्यायचे. कुकर मात्र विसरू नये. वाहाका अक्षांशाने आपल्या रत्नागिरीच्या ओळीत आहे, पण उंची दीड हजार मीटरच्या वर. सान मिगेल सुमारे 1,900 मीटरवर. तेवढ्या उंचीवर उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, आणि रात्री स्वेटर लागतो.

सेमाना सांताच्या, म्हणजे ईस्टरच्या आठवड्यात अख्खा देश रस्त्यावर उतरतो आणि जागा मिळणे कठीण होते, म्हणून त्याच्या आधी परत फिरायचे. येताना पुन्हा कोलंबिया पूल. गाडी विकायची असेल तर तिथे वाहनाचा परवाना रद्द करून घ्यावाच लागतो, नाहीतर नव्या मालकाला तो मिळत नाही. आम्ही रद्द करणार नाही. बाहा राहिले आहे, आणि तिथून बोटीने पलीकडे माझात्लानला जायचे झाले तर हाच परवाना लागेल.