पंचनाम्यातला संकर

टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला वाघ डिसेंबर २०२४मध्ये धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात टिपला गेला आणि तेव्हापासून या भागात मृत जनावराचा पंचनामा करणे हे आम्हा पशुवैद्यकांसाठी नुसते कागदी काम राहिले नाही.

घाटाच्या पायथ्याशी एका कालवडीचा फडशा पडला होता. ओलसर मातीत दोन मापांचे ठसे होते. एक तळहाताहून रुंद, दुसरे त्याच्या जेमतेम निम्मे. मालकांनी निष्कर्ष आधीच काढून ठेवला होता. "सायेब, वाघ अन् बिबट्याची जोडी जमलीय. जर्सी अन् गावरानाचा संकर होतो, मग ह्यांचा का न्हाई?"

प्रश्न मुळीच अडाणीपणाचा नव्हता. जर्सी आणि गावरान एकाच गोवंशातले. वाघ, सिंह आणि बिबट्या या मात्र स्वतंत्र प्रजाती आहेत. तरीही तिघांची गुणसूत्रे ३८च असल्याने बंदिवासात यांच्यातले काही संकर खरोखर घडले आहेत. आपल्याच कोल्हापुरात १९१० साली बिबट्या आणि सिंहीण यांच्यापासून पिल्ले झाली होती. कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयात वाघ आणि सिंहीण यांच्यापासून झालेल्या रुद्राणी नावाच्या मादीला पुढे सिंहापासून पिल्ले झाली. अशा संकरातल्या माद्या कधीकधी गाभण राहतात, नर मात्र बहुधा वांझ असतात. या खटाटोपातून संवर्धनाला काही मिळाले असे मला वाटत नाही.

पण हे सारे पिंजऱ्यातले, जिथे माणसाने दोन जनावरांना एकत्र वाढवले आणि दुसरा जोडीदार ठेवलाच नाही. मोकळ्या रानात वाघ बिबट्याला संधी मिळाली तर मारतो आणि बिबट्या त्याची वाट टाळतो. कालवडीच्या गळ्यावरच्या सुळ्यांच्या खुणांमधले अंतर मोजले, तेव्हा ते वाघाच्या जबड्याशी जुळले. लहान ठसे मोठ्या ठशांवर उमटलेले होते, म्हणजे वाघ निघून गेल्यावर बिबट्या उरलेल्या मांसावर आला होता. मी हे मालकांना ठशाशेजारी बसवून दाखवले, आणि त्यांना ते पटलेही.

"मग भरपाई दोघांच्या नावानं मिळंल का?" त्यांनी विचारले. वनरक्षक हसला आणि पंचनाम्यात हल्ला करणाऱ्या वन्यप्राण्याच्या रकान्यात त्याने फक्त 'वाघ' असे लिहिले.