खऱ्या गोळीच्या आवाजासाठी

गोळी कुठून आली हे आवाजावरून सांगणारं यंत्र बनवायचं मनात असेल, तर सर्किटला हात लावण्याआधी फायरिंग रेंजच्या परवानगीचं पत्र टाका. मायक्रोफोन ऑर्डर करून येतात, बोर्ड बनवून मिळतो, गणित पुस्तकात आहे. खऱ्या रायफलच्या गोळीचा आवाज मात्र कुठे विकत मिळत नाही. तो मिळवताना जेवढा जीव मेटाकुटीला आला, तेवढा बाकीच्या सगळ्या कामात मिळून आला नाही. अजूनही त्या कार्यालयाचा जिना आठवला की डोकं तापतं. मागून येणाऱ्यांचा तरी वेळ वाचावा, म्हणून लिहिते आहे.

नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. बेअरिंग कधी जाणार हे यंत्राच्या कंपनावरून सांगणारे सेन्सर आम्ही बनवतो. पलीकडे देवळालीला तोफखान्याचं स्कूल. त्यामुळे ओळखीत निवृत्त फौजी बरेच, आणि त्यांच्याशी बोलता बोलताच हा विषय डोक्यात शिरला. चौकीवर गोळी आली की पहिले काही क्षण ती कुठल्या बाजूने आली हेच कळत नाही, डोंगरात आवाज घुमतो, जवान वेगवेगळीकडे बोटं दाखवतात, हे ऐकल्यावर मला स्वस्थ बसवेना.

तत्त्व सोपं आहे. एके-४७ ची गोळी नळीतून सुमारे ७१५ मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटते. २० अंश सेल्सिअसला आवाजाचा वेग आहे ३४३ मीटर. गोळी आवाजाच्या पुढे धावते, म्हणून जिच्याजवळून ती जाते त्या जागी आधी शॉकवेव्हचा, म्हणजे वेगवान गोळीमुळे हवेत उठणाऱ्या दाबाच्या लाटेचा, कोरडा, चाबकासारखा कडाका ऐकू येतो आणि नळीचा जाड आवाज मागून पोहोचतो. फौजेत याला ‘क्रॅक-थंप’ म्हणतात. ३०० मीटरवरून झाडलेल्या गोळीत या दोन आवाजांत साधारण एक तृतीयांश सेकंदाचं अंतर पडतं. त्यावरून मारणारा किती लांब आहे ते निघतं. दिशा काढायला चार-पाच मायक्रोफोन लागतात. कुठल्या मायक्रोफोनला आवाज आधी लागला, कुठल्याला किती मायक्रोसेकंदांनी नंतर, त्याचा हिशेब. यात तापमापक हवाच. उणे २० अंशाला आवाजाचा वेग ३१९ मीटरच्या आसपास उतरतो. नाशिकच्या मे महिन्यात बसवलेलं गणित तिथे तसंच्या तसं चालणार नाही.

आता अडचण बघा. फटाक्यात ‘थंप’ असतो, ‘क्रॅक’ नसतो. वाऱ्यावरून सूं करत गेलेल्या गोळीची शॉकवेव्ह जेमतेम काही शे मायक्रोसेकंदांची असते, आलेखावर इंग्रजी एन अक्षरासारखी दिसते, आणि ती निर्माण करायला खरी गोळीच लागते. स्वयंचलित रायफल १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे निषिद्ध शस्त्रांत मोडते. केंद्र सरकारच्या खास मंजुरीशिवाय ती कुणा खाजगी माणसाला बाळगता येत नाही, आणि येऊही नये. म्हणजे आमच्यासारख्यांना एकच दार उरतं: सैन्याची किंवा पोलिसांची रेंज.

त्या दारापाशी आम्ही अडकलो.

पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही. चौकशीला गेले तर आवक क्रमांक विचारला. पत्र स्पीड पोस्टने गेलेलं, आमच्याकडे पोचपावती होती, आवक क्रमांक नव्हता. पोचपावती म्हणजे टपाल गेटवर आलं, आवक क्रमांक म्हणजे ते रजिस्टरला चढलं. रजिस्टरला चढलं नसेल तर तुमचं पत्र त्या इमारतीत अस्तित्वात नाही. दुसरं पत्र हातानेच नेलं, शिक्का मारून घेतला. तुम्हीही तेच करा. शिक्क्याखालचा क्रमांक तिथल्या तिथे वाचता येतोय का तेही बघून घ्या.

मग फाईल ‘वर’ गेली. वर गेलेली फाईल खाली आली ती एका प्रश्नासह: प्रकल्पाचं मंजुरीपत्र जोडलेलं नाही. बरोबर, नव्हतंच. कारण ज्या योजनेत आम्ही प्रस्ताव देणार होतो, तिच्या अर्जात प्रत्यक्ष गोळीबारावर यंत्र चालवून पाहिल्याचा पुरावा विचारला होता. मंजुरी हवी तर रेंजवरच्या नोंदी दाखवा, रेंज हवी तर मंजुरी दाखवा. हे मी टेबलापलीकडच्या माणसाला समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण नमुन्यात तो रकाना आहे.” त्यांचा आवाजही चढला नव्हता, म्हणून मला जास्तच राग आला.

पुढचा प्रश्न काडतुसांचा. फायरिंगला लागणारा दारूगोळा कुठल्या हेडखाली खर्ची टाकायचा? आम्ही पैसे भरायला तयार होतो. पण पैसे घ्यायचा मार्गच त्या पद्धतीत नव्हता. काडतुसं युनिटला प्रशिक्षणासाठी मिळतात, मोजून मिळतात, रिकाम्या केससुद्धा मोजून परत जातात. खाजगी कंपनीसाठी एक राउंडही वेगळा निघत नाही. नियम म्हणून मला हे पटतं. पण हे कळायला फाईलला सगळ्या टेबलांवरून फिरून यावं लागलं. पहिल्याच दिवशी कुणीतरी एका वाक्यात सांगितलं असतं तर आमचा अख्खा हिवाळा वाचला असता.

आणि मग आला तो मुद्दा, ज्याने मला रात्री झोप येईना. सोबत नेण्याच्या वस्तूंच्या यादीवर शेरा पडला: ध्वनिमुद्रण करणारं कुठलंही उपकरण परिसरात नेण्यास मनाई. मोबाईल नाही, कॅमेरा नाही, रेकॉर्डर नाही. अहो, आमचं यंत्र म्हणजे पाच मायक्रोफोन आणि एक मेमरी कार्ड. मुद्रण काढून टाकलं तर उरतं काय? हा शेरा घेऊन मी या खोलीतून त्या खोलीत फिरले. सुरक्षेचे अधिकारी म्हणायचे तांत्रिक विभागाने लिहून द्यावं, तांत्रिक विभाग म्हणायचा सुरक्षेची हरकत आहे तोवर आम्ही बघू शकत नाही. मधल्या काळात ज्या साहेबांना विषय समजला होता त्यांची बदली झाली. नव्या साहेबांनी विचारलं, “पण आपल्याकडे रडार आहे ना?”

हा प्रश्न तुम्हाला प्रत्येक टेबलावर येणार आहे, तेव्हा उत्तर परिच्छेदभर लिहून पत्रालाच जोडा. ‘स्वाती’ हे वेपन लोकेटिंग रडार आहे. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या एलआरडीई प्रयोगशाळेने आणि बीईएल (भारत इलेक्ट्रॉनिक्स) या सरकारी कंपनीने मिळून ते केलं, २ मार्च २०१७ ला तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या हस्ते ते सैन्याला सुपूर्द झालं. हवेतला तोफगोळा, मॉर्टरचा बॉम्ब, रॉकेट यांचा मार्ग ते पकडतं आणि मागे गणित करत डागणाऱ्या तोफेचं ठिकाण काढतं, तीस-चाळीस किलोमीटरांपर्यंत. कारगिलच्या वेळी, १९९९ मध्ये, आपल्याकडे मॉर्टर शोधणारी जुनी सिंबेलीन रडार होती, लांब पल्ल्याच्या तोफा शोधणारं रडार नव्हतं. त्याची किंमत काय पडली हे देवळालीतल्या कुठल्याही जुन्या गनरला विचारा. पण चौकीवर आलेली रायफलची एकटी गोळी हे स्वातीचं काम नाही. शिवाय रडार लहरी सोडतं, त्यामुळे ते कुठे आहे हे शत्रूला कळू शकतं. मायक्रोफोन नुसता ऐकतो, स्वतः काहीच सोडत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही लागतात.

ऐकून शोधण्याची पद्धत तर रडारच्याही आधीची. १९१५ मध्ये ब्रिटिश सैन्याने लॉरेन्स ब्रॅग या पंचविशीतल्या शास्त्रज्ञाला जर्मन तोफा आवाजावरून शोधायच्या कामावर घेतलं. त्याच वर्षी त्यांना वडिलांबरोबर नोबेल मिळालं. साध्या मायक्रोफोनवर शॉकवेव्हचा आणि रायफलींचा गोंगाट उठायचा, तोफेचा खोल आवाज त्यात हरवायचा. विल्यम टकर यांनी तापवलेल्या बारीक तारेचा मायक्रोफोन काढला. तोफेच्या खोल आवाजाने हलणारी हवा लागली की तार थंड व्हायची, तिचा विद्युतरोध बदलायचा, आणि गोंगाट मागे पडायचा. मला ब्रॅग यांचा हेवा वाटला तो नोबेलचा नाही. त्यांना आघाडीवरच बसवलं होतं, खरा आवाज रोज कानावर होता, चूक झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकता येत होतं.

गाडी सुटली ती एका निवृत्त सुभेदारसाहेबांमुळे. सगळी नोकरी लोकेटिंगमध्ये, म्हणजे शत्रूच्या तोफा शोधण्याच्या कामात, गेलेले. आमच्या पत्रांचा गठ्ठा त्यांनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, “ताई, तुम्ही फायरिंग मागताय. फायरिंग मागू नका. ते तर युनिट दरवर्षी करतंच. तुम्ही फक्त एक डबा ठेवायची परवानगी मागा.”

मग पत्र नव्याने लिहिलं. युनिटच्या ठरलेल्या वार्षिक फायरिंगच्या वेळी बटच्या, म्हणजे लक्ष्यामागच्या मातीच्या बांधाच्या, बाजूला एक उपकरण ठेवायचं आहे. दारूगोळा नको, मनुष्यबळ नको, प्रवासखर्च आमचा, सैन्यावर खरेदीचं कुठलंही बंधन नाही. मायक्रोफोनच्या मुद्द्यावर यादीत नुसतं ‘रेकॉर्डर’ न लिहिता पूर्ण ब्लॉक डायग्राम जोडला: आत रेडिओ ट्रान्समीटर नाही, ब्लूटूथ नाही, सिम नाही, फायरिंग संपल्यावर कार्ड युनिटच्या अधिकाऱ्यांसमोर सीलबंद करून त्यांच्याच ताब्यात राहील, तपासणीनंतर परत मिळेल. हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. सुरक्षेच्या माणसाला नकार देण्याखेरीज सही करायलाही काहीतरी आधार लागतो, आणि तो आधार अर्जदारानेच लिहून द्यायचा असतो. पत्र एका कमांडिंग ऑफिसरांच्या हाती गेलं. त्यांनी आम्हाला बोलावलं, डबा उघडायला लावला, नेमके प्रश्न विचारले, आणि त्यांच्या युनिटकडून मागणी वर गेली. तेच कार्यालय, तोच नमुना. या वेळी रकाना भरलेला होता, सही झाली.

रेंजवरचा दिवस थोडक्यात सांगते, कारण तिथे काहीच अडलं नाही. जवानांनी मदत केली, चहा पाजला. लाल झेंडा वर जायच्या आधी उपकरण लावून मागे यायचं, झेंडा उतरेपर्यंत पुढे पाऊल टाकायचं नाही. डबा फायरिंग पॉइंटच्या मागे ठेवू नका. तिथे फक्त नळीचा आवाज मिळतो. गोळी डब्याच्या जवळून पुढे गेली पाहिजे, म्हणजे जागा बटकडे, फायरच्या रेषेपासून सुरक्षित अंतरावर, आणि ती जागा रेंज सेफ्टी ऑफिसरच ठरवतील. डब्यापासून फायरिंग पॉइंटपर्यंतचं अंतर झेंड्याआधीच मोजून वहीत लिहा, नंतर मोजायला कुणी सोडत नाही. आणि मोबाईलमध्ये असतात तसले मायक्रोफोन वापरू नका. जवळून गेलेल्या गोळीची शॉकवेव्ह १४० डेसिबलच्या पुढे जाते, साधा मायक्रोफोन तिथे आलेखाचा शेंडाच कापून टाकतो.

कार्ड तपासणीतून परत आलं त्या संध्याकाळी आम्ही सगळे एका स्क्रीनभोवती उभे होतो. सरळ रेषेत आधी तो बारीक, टोकदार एन, मग मोकळी जागा, मग नळीचा जाडा फुगवटा. प्रत्येक राउंडला तसंच. अंतराचं गणित लावलं तर वहीत लिहिलेल्या आकड्याच्या जवळ उत्तर आलं. मी बाहेर जाऊन जिन्यात बसले. इतका अभिमान मला कुठल्याच पदवीने दिला नव्हता.

त्यानंतर आयडेक्स या संरक्षण मंत्रालयाच्या नवउद्योगांसाठीच्या योजनेचा अर्ज, जेएसएस ५५५५५ या लष्करी उपकरणांच्या मानकाप्रमाणे उष्णता, धूळ, पाऊस, हादरे यांच्या चाचण्या हे सगळं रीतसर पार पडलं. पैसे लागतात, वेळ लागतो, पण तारीख मिळते आणि त्या तारखेला काम होतं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

एक राहिलं. यंत्राने गोळी ओळखणं जितकं गरजेचं, तितकंच गोळी नसताना गप्प बसणं. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गच्चीवर डबा लावून ठेवा, वरातीत ठेवा, सायलेन्सर बदललेल्या बुलेट जातात त्या रस्त्यावर ठेवा, मालकाला विचारून खडी क्रशरजवळ सुरुंगाच्या वेळी ठेवा. आमच्याकडे आता असे हजारो आवाज जमलेत आणि सॉफ्टवेअर बदललं की आधी ते सगळे त्यातून काढतो. आणि रेंजवरून कार्ड देताना ते परत कधी मिळणार याची तारीख पावतीवर लिहून घ्या. आमच्या पावतीवर ती नव्हती, आणि कार्ड कुठल्या कपाटात आहे हे शोधायला पुन्हा त्याच जिन्याने चढावं लागलं.