मुलाखत घेणाऱ्यांचीच परीक्षा

आज विद्यार्थ्यांना उमेदवार निवडायला शिकवताना मी एकाच उमेदवाराची लुटुपुटुची मुलाखत दोन गटांना घ्यायला लावली. पहिल्या गटाने मनाला येतील ते प्रश्न विचारले आणि त्याच्या सफाईदार बोलण्यावर भाळून त्याला जवळजवळ नेमूनच टाकले. दुसऱ्याने मात्र कामाच्या गरजांवरून आधीच ठरवलेले प्रश्न क्रमाने विचारले, आपापसात चर्चा न करता प्रत्येक उत्तराला स्वतंत्र गुण दिले, आणि तेव्हा त्याची हिशेबातली कच्ची बाजू उघडी पडली. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८ च्या अभ्यासात अशा आखीव मुलाखतीचा पुढील कामगिरीशी सहसंबंध (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) ०.५१, तर मोकळ्या मुलाखतीचा ०.३८ आढळला होता. हे आकडे मी मुद्दामच शेवटी फळ्यावर लिहिले. (उमेदवार झालेला विद्यार्थी प्रत्यक्षात हिशेबात पक्का आहे, भूमिका मात्र त्याने चोख वठवली.)